मारिया कॅलास : १९४९ च्या तीन तबकड्या

सांजसूर

ऑपेरा गायिका मारिया कॅलासबद्दल मराठीत काही वाचायला मिळालं की त्यात तिचा जहाजमालक प्रियकर ओनॅसिस असतो, १९५८ च्या जानेवारीत इटलीचे राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना रोममध्ये पहिल्या अंकानंतर सोडून दिलेली 'नोर्मा' असते, घटवलेलं वजन असतं. गाण्याबद्दल चार ओळी सापडल्या तर नशीब. हे मला फार लागतं. म्हणून हा धागा फक्त तिच्या गाण्याचा, आणि त्यातही सुरुवातीच्या रेकॉर्डिंगचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कॅलास पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातात लोक तिचे साठच्या दशकातले आरियांचे (ऑपेरातल्या एकल गीतांचे) संग्रह देतात, कारण ते स्टीरिओ आहेत, स्वच्छ वाजतात. तिथपर्यंत तिचा आवाज थकलेला होता. त्यामुळे 'हिचं एवढं कौतुक कशाला' हा प्रश्न पडतो आणि माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. सुरुवात करायची ती ट्यूरिनमध्ये चेत्रा कंपनीसाठी ८ ते १० नोव्हेंबर १९४९ ला केलेल्या तीन तबकड्यांपासून. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तीन तबकड्या, म्हणजे सहा बाजू. ट्यूरिनच्या आकाशवाणीचा वाद्यवृंद, संचालक आर्तुरो बाझिले. ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती. सव्वीस पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते.

एका तबकडीवर बेल्लिनीच्या 'नोर्मा'मधली 'कास्ता दीवा' आणि तिला जोडून येणारी द्रुत चीज. दुसरीवर बेल्लिनीच्याच 'इ पुरितानी'मधला एल्व्हिराचा वेडाचा प्रवेश. तिसरीवर वाग्नरच्या 'त्रिस्तान उंड इझोल्दे'चा शेवट, इझोल्देचं मरणगीत, इटालियनमध्ये.

ही निवड किती अचाट आहे हे आपल्याला पटकन जाणवत नाही. वाग्नरला लागतो तो भारी, रुंद आवाज. शंभर वाद्यांच्या वरून तो पलीकडे पोचला पाहिजे. एल्व्हिराला लागतो तो हलका, वेगाने फिरणारा, तानांचा आवाज. त्या काळी इटलीत ही दोन कामं दोन वेगळ्या जातीच्या गायिका करत. एकीने दुसरीचं काम मागितलं असतं तर तिला वेड्यातच काढलं असतं.

आणि हे काही स्टुडिओत बसून सुचलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत व्हेनिसच्या 'ला फेनिचे' थिएटरात ती वाग्नरच्या 'व्हाल्क्यूरं'मधली ब्रुनहिल्डे गात होती, तुलिओ सेराफिन या बुजुर्ग संचालकाच्या हाताखाली. तिथेच पुढे 'इ पुरितानी' लागायचा होता आणि त्यातली नायिका मार्गेरिता कारोझिओ तापाने आडवी झाली. कॅलास सहज म्हणून एल्व्हिराची ती चीज गुणगुणत होती, ती सेराफिनच्या पत्नीच्या कानावर पडली. तिने नवऱ्याला बोलावून ऐकवलं. आठवड्याभरात कॅलासने अख्खी भूमिका पाठ केली, तीसुद्धा संध्याकाळी ब्रुनहिल्डे गात गात. १९ जानेवारीला ती एल्व्हिरा म्हणून उभी राहिली आणि इटलीभर एकच बोलबाला झाला.

चेत्राच्या तबकड्या म्हणजे त्या जानेवारीचा पुरावा. तो प्रयोग कोणी ध्वनिमुद्रित केलेला आपल्या हाती नाही. या सहा बाजू आहेत.

दर्यावर्दी

सांजसूर, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे चावीचा ग्रामोफोन आहे आणि जुन्या तबकड्या जमवायचा नाद आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने थोडं.

बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार, फार तर साडेचार मिनिटं मावतात. म्हणजे गाण्याचे तुकडे मनाजोगे पाडता येत नाहीत, तबकडी पाडायला लावते. आपल्याकडे बुजुर्गांनी ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत बसवले, त्यातलाच हा प्रकार. बेल्लिनीचं नशीब चांगलं. त्याच्या प्रवेशाची बांधणीच अशी की आधी संथ भाग आणि मग द्रुत. बाजू पालटायला मधली जागा आपसूक मिळते. वाग्नरचं तसं नाही. इझोल्देचं ते गाणं म्हणजे एकच लाट, चढत चढत जाणारी. ती मध्ये थांबवून तबकडी उलटायची. आज संगणकावर ते सलग जोडलेलं ऐकू येतं, पण १९५० साली ज्याने विकत घेतलं त्याने ते असं मधोमध उठून ऐकलं.

आणि एक. त्या काळात गायिकेला चूक सुधारायला आजच्यासारखी मुभा नव्हती. अलीकडे शंभर तुकड्यांतून एक आरिया शिवतात. या तबकड्यांत जे ऐकता ते एका दमातलं गाणं आहे असंच ऐका.

खडीसाखर

मी प्रामाणिकपणे लिहिते, कुणाला दुखवायचा हेतू नाही. मी कॅलास बऱ्याचदा ऐकायचा प्रयत्न केला. मला तो आवाज गोड वाटत नाही. मधल्या सुरांत तो कोंडल्यासारखा येतो, वर गेला की धार लागते. तिच्याच काळातल्या रेनाता तेबाल्दीचा आवाज ऐका, साय धरलेल्या दुधासारखा. गाणं कानाला आधी गोड लागलं पाहिजे ना?

सांजसूर

खडीसाखर, दुखावण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही जे ऐकता ते अगदी खरं आहे. मधला भाग झाकल्यासारखा, खालचा जवळजवळ वेगळ्या बाईचा, वरचा पोलादी. तिच्या चाहत्यांनीही हे कधी नाकारलं नाही. इटलीत तर दोघींच्या चाहत्यांत तट पडले होते.

पण गोडवा हा एक गुण झाला. मी सात-आठ वर्षं ख्याल शिकले. आमच्या बाई म्हणायच्या, सूर लागणं वेगळं आणि सुराचा अर्थ लागणं वेगळं. कॅलासकडे मी दुसऱ्यासाठी जाते. तुम्ही एकच करा, 'इ पुरितानी'ची चेत्राची तबकडी लावा आणि फक्त पहिलं वाक्य ऐका. एल्व्हिराचा होणारा नवरा लग्नाच्याच दिवशी दुसऱ्या एका स्त्रीबरोबर निघून गेलाय. ती स्त्री राणी आहे आणि तो तिचा जीव वाचवतोय, हे एल्व्हिराला ठाऊक नाही. ती भ्रमिष्ट झाली आहे. रंगमंचावर ती दिसायच्या आधी तिचा आवाज आतून येतो. कॅलास ते वाक्य जवळजवळ वजनच न देता गाते. रडणं नाही, हुंदका नाही. आवाज नुसता रिकामा झालाय. पंचविसाव्या वर्षी, कसलंही नाटक न करता, नुसत्या सुराचा पोत बदलून तिने वेड दाखवलंय.

मग द्रुत भागात अर्ध्या अर्ध्या सुरांनी खाली उतरणाऱ्या तानांची माळ आहे. बारा सुरांतला एकेक सूर, एकही न गाळता. बहुतेक गायिकांच्या गळ्यात ही घसरगुंडी होते. हिच्या गळ्यात प्रत्येक दाणा सुटा आहे, तरी ओघ तुटत नाही. आणि हे त्याच गळ्यातून निघतंय ज्याने त्याच मुक्कामात इझोल्दे गायली. शेवटचा वरचा सूर ती फेकते तो भिंतीला भोक पाडेल इतका भरीव आहे. हलक्या आवाजाच्या गायिका तिथे पोचतात, पण बारीक होऊन.

अनवट

मी पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकतो आणि थोडं शिकवतोही. सांजसूर यांनी तानांबद्दल लिहिलंय त्याचं मूळ अथेन्समध्ये आहे.

कॅलास जन्मली न्यूयॉर्कला, २ डिसेंबर १९२३. आईवडील ग्रीक, वडील औषधविक्रेते. १९३७ मध्ये आई मुलींना घेऊन ग्रीसला परतली. तिथे अथेन्सच्या संगीत विद्यालयात तिला एल्व्हिरा दे हिदाल्गो ही स्पॅनिश गुरू भेटली. दे हिदाल्गो स्वतः जुन्या वळणाची, हलक्या आवाजाची, तानांची गायिका. आणि समोर आली ही जाड चष्म्याची, धिप्पाड आवाजाची पोर. दुसऱ्या कुणी शिक्षिकेने तिला सरळ भारी भूमिकांकडे ढकललं असतं. दे हिदाल्गोने तिच्याकडून हलक्या आवाजाचे पलटे, कंपनं, चढउतार घोटून घेतले. सकाळी दहाला शिकवणी सुरू व्हायची, आणि आपला धडा संपला तरी ही संध्याकाळपर्यंत तिथेच बसून इतर सगळ्यांचे धडे ऐकायची. हे कॅलासने स्वतः पुढे सांगितलं आहे. कमी वकुबाच्या विद्यार्थ्याकडूनही काहीतरी शिकायला मिळतं, हे तिचं म्हणणं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी ऐकवतो.

'बेल कान्तो'चा शब्दशः अर्थ सुंदर गाणं, पण तिच्या लेखी ती एक शिस्त होती. वाद्याने जे जे करता येतं ते सगळं गळ्याला आलं पाहिजे, आणि मग ते विसरून पात्र उभं करायचं.

चष्म्याची गोष्ट महत्त्वाची आहे. रंगमंचावर चष्मा चालत नाही, आणि त्याच्याविना तिला संचालकाची काठी दिसत नसे. म्हणून सगळं संगीत, स्वतःचंच नव्हे तर वाद्यांचंही, डोक्यात पक्कं असायचं. चेत्राच्या तबकड्यांत वाद्यवृंद कुठे कुठे ढिला आहे, ती नाही.

शेवंती

मी या विषयात अगदी नवीन आहे. 'कास्ता दीवा' जाहिरातींत वगैरे ऐकली आहे, पण नक्की काय चाललंय ते कधी कळलं नाही. कुणी सांगाल का? आणि १९४९ च्या आधी ती काय करत होती?

सांजसूर

शेवंती, नक्की.

नोर्मा ही गॉल देशातली पुजारीण. रोमनांनी देश व्यापलेला, लोकांना युद्ध हवंय, आणि ते कधी सुरू करायचं हे तिने सांगायचं. ती चंद्राला विनवते, हे पवित्र देवते, शांती पसर. सगळ्यांना वाटतं ही भक्ती. पण रोमन अधिकाऱ्यापासून तिला दोन मुलं आहेत आणि ही गोष्ट तिने सगळ्यांपासून लपवली आहे. तिला युद्ध नको आहे ते त्याच्यासाठी. एकाच गाण्यात वरून प्रार्थना आणि आतून चोरी.

चाल ऐकताना एक जागा धरा. संथ चाल चढत चढत एका वरच्या सुरावर येते आणि तोच सूर पुन्हा पुन्हा येतो, ठोक्याच्या जरा अलीकडे-पलीकडे, आणि मग एकाच पायरीने वर जातो. कागदावर काहीच नाही. कॅलास तो प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा किंचित भरत नेते, आणि वरच्या पायरीवर पोचल्यावर लगेच सोडून देते. मी ही जागा पहिल्यांदा कानाला हेडफोन लावून रात्री ऐकली तेव्हा तबकडी संपल्यावरही बराच वेळ तशीच बसून होते.

आता आधीचं. युद्धाच्या काळात, जर्मन-इटालियन फौजा अथेन्समध्ये असताना, तिने तिथेच कामं केली. १९४२ मध्ये अठराव्या वर्षी 'तोस्का', १९४४ मध्ये बेथोव्हनची 'फिदेलिओ' उघड्या प्राचीन नाट्यगृहात. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला परतली आणि दोन वर्षं हातात काहीच नाही. शिकागोत एक कंपनी उभी राहत होती, ती पहिल्या प्रयोगाआधीच बुडाली. १९४७ मध्ये व्हेरोनाच्या रोमन आखाड्यात 'ला जोकोंदा'साठी बोलावणं आलं. २ ऑगस्टला पहिला प्रयोग, संचालक सेराफिन. तालमीत पडून पाय मुरगळला होता, तरी ती उभी राहिली. सेराफिन भेटला ही तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मानते मी. रंगमंचावरचा हावभाव शोधायचा असेल तर संगीत ऐक, त्यात सगळं लिहिलेलं आहे, हे तिला त्याने शिकवलं.

१९४९ चा एप्रिल पाहा. २१ तारखेला व्हेरोनात मेनेगिनी या उद्योजकाशी लग्न, आणि लगेच जहाजाने ब्युनॉस आयर्स, तिकडे 'तुरान्दोत' आणि 'नोर्मा'. परत आल्यावर नोव्हेंबरात या तबकड्या. डिसेंबरात नेपल्सला व्हेर्दीचा 'नाबुक्को'.

दर्यावर्दी

'नाबुक्को'चा उल्लेख झाला म्हणून राहवत नाही. २० डिसेंबर १९४९, सान कार्लो थिएटर, संचालक व्हित्तोरिओ गुई. प्रत्यक्ष प्रयोगाचं रेकॉर्डिंग टिकलंय. आवाज वाईट, खरखर आहे, मागे प्रेक्षकांचा कल्लोळ. गुलामांच्या समूहगीतानंतर लोक थांबतच नाहीत, ते पुन्हा गावं लागतं. आणि कॅलासची अबिगाइल्ले! सूर असा कडाडत खाली येतो, दोन सप्तकं एका झेपेत. ही भूमिका तिने त्या तीन प्रयोगांत गायली आणि पुन्हा कधीच नाही. ज्यांना स्टुडिओतल्या तबकड्या 'सभ्य' वाटतात त्यांनी महिन्याभराच्या अंतरावरचं हे ऐकावं.

मेक्सिकोचंही सांगतो. १९५० आणि ५१ मध्ये तिथल्या 'आयदा'त, विजयोत्सवाच्या प्रवेशाच्या शेवटी, सगळे गायक, समूह, वाद्यं एकदम गर्जत असताना ती व्हेर्दीने न लिहिलेला वरचा सूर लावते आणि धरून ठेवते. तिथल्याच आंखेला पेराल्ता या गायिकेने एकोणिसाव्या शतकात तो लावला होता, थिएटरच्या संचालकाने तो कॅलासला दाखवला. ५१ चं रेकॉर्डिंग ऐका. त्या सुरानंतर लोक जे ओरडतात त्याला टाळ्या म्हणता येत नाही.

नीलकंठी

इटलीतून लिहितेय, मिलानजवळ राहते. दोन गोष्टी.

ट्यूरिन का, असं मलाही वाटायचं. इटलीच्या आकाशवाणीचं केंद्र तिथे होतं, आणि चेत्रा हे तिचंच भावंड, १९३३ पासूनचं. त्यामुळे वाद्यवृंद हाताशी, गायक हाताशी. युद्धानंतरच्या त्या वर्षांत ते एकामागून एक अख्खे ऑपेरे ध्वनिमुद्रित करत होते.

आणि वर व्हेनिसच्या ज्या थिएटरचा उल्लेख आहे ते १९९६ च्या जानेवारीत जळून खाक झालं. होतं तसंच, होतं तिथेच पुन्हा बांधून २००३ मध्ये उघडलं. मी तिथे गेले होते. सोनेरी नक्षी, निळं छत, सगळं जुन्यासारखं, पण ज्या लाकडाने तिचा आवाज ऐकला ते नाही. तिथे बसून मी फोनवर चेत्राची एल्व्हिरा लावली, अगदी हळू. बाजूच्या खुर्चीवरच्या आजींनी वळून बघितलं आणि नाव विचारलं नाही, त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली.

खडीसाखर

सांजसूर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्त पहिलं वाक्य ऐकायला बसले आणि दोन्ही बाजू ऐकून उठले. गोड अजूनही म्हणणार नाही. पण हा मी आधी ऐकलेला आवाज नाही. मी जे ऐकत होते ते १९६४ चं होतं, आता तपासलं. यात वरचा सूर डुलत नाही. मग पुढे काय झालं? वजन कमी केलं म्हणून आवाज गेला असं सगळीकडे वाचते.

अनवट

१९५३-५४ मध्ये तिने तीस किलोंहून जास्त वजन कमी केलं हे खरं. त्यामुळे दमसासाचा आधार गेला असं बरेच जण मानतात. मला ते एकटं कारण पटत नाही. १९४७ ते ५३ मधली तिच्या कामांची यादी बघा. तुरान्दोत, ब्रुनहिल्डे, इझोल्दे, नोर्मा, एल्व्हिरा, अबिगाइल्ले, लेडी मॅकबेथ, मेदेआ, लुचिया. यातली एकेक भूमिका गळा पिळून काढते. दहा वर्षांत वीस वर्षांचं गाऊन झालं. म्हणूनच सुरुवातीची रेकॉर्डिंग इतकी मोलाची. खर्च व्हायच्या आधीचा आवाज तिथे आहे.

सांजसूर

अनवट, शब्दन्‌शब्द पटला.

आता चेत्राची पुढची गोष्ट, कारण तिच्यात माझी एक जुनी रुखरुख आहे. १९५२ च्या सप्टेंबरात तिने चेत्रासाठी अख्खी 'ला जोकोंदा' केली, आणि पुढच्या सप्टेंबरात 'ला त्राव्हिआता'. दरम्यान १९५२ मध्येच तिचा इएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला होता. तिथे निर्माता वॉल्टर लेग. १९५३ हे एक वर्ष बघा. फेब्रुवारीत फ्लॉरेन्सला 'लुचिया', मग मिलानला 'इ पुरितानी', ऑगस्टात संचालक व्हिक्टर दे साबाताबरोबर 'तोस्का'. त्या 'तोस्का'त दे साबाता आणि लेग यांनी तीतो गोब्बी या गायकाकडून त्याच्या प्रवेशाच्या ओळी तीसेक वेळा गाऊन घेतल्या म्हणतात. सत्तर वर्षं झाली, त्याच्या वरचढ 'तोस्का' अजून झाली नाही असं मानणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

रुखरुख 'त्राव्हिआता'ची. चेत्राच्या करारात अट होती की केलेली कलाकृती काही वर्षं दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा करायची नाही. चेत्राची 'त्राव्हिआता' घाईची आहे, बाकीचे गायक सामान्य, आवाज कोंदट. आणि १९५५ मध्ये, ज्या वर्षी ला स्काला थिएटरात व्हिस्कोन्तीच्या दिग्दर्शनाखाली ती व्हिओलेत्ता गाऊन लोकांना रडवत होती, त्याच वर्षी इएमआयने स्टुडिओत 'त्राव्हिआता' केली ती आंतोनिएत्ता स्तेल्लाला घेऊन. कॅलास मोकळी नव्हती. संचालक सेराफिन होता, याचं तिला फार वाईट वाटलं. तिच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या भूमिकेचं नीट स्टुडिओ रेकॉर्डिंग कधी झालंच नाही. आपल्याला १९५५ चं स्काला, १९५८ चं लिस्बन आणि लंडन या प्रत्यक्ष प्रयोगांवर भागवावं लागतं. लिस्बनमधल्या खोकल्यांसकट मी ते उराशी धरते.

शेवंती

'कास्ता दीवा' ऐकली, तुम्ही सांगितलेली जागा सापडली. चौथ्यांदा ऐकताना सापडली. आता या तीन तबकड्या चांगल्या प्रतीत कुठे ऐकायच्या?

दर्यावर्दी

२०१४ मध्ये तिची सगळी स्टुडिओ रेकॉर्डिंग नव्याने साफ करून एकत्र निघाली, ६९ सीडींचा संच, १९४९ ते १९६९. या तीन तबकड्या त्यात आहेत, ऑनलाइनही मिळतात. फक्त एक सांगतो, खरखर पूर्ण पुसलेल्या प्रती घेऊ नका. खरखरीबरोबर आवाजाची वरची झळाळी पण पुसली जाते. थोडी खरखर राहू द्या, पाच मिनिटांत कान ती बाजूला ठेवतात.

खडीसाखर

आज इझोल्दे ऐकली. इटालियनमध्ये वाग्नर विचित्र वाटेल असं वाटलं होतं. शेवटचा सूर ती किती हळू ठेवते! मी तिथे मोठा आवाज येईल म्हणून फोन जरा लांब धरला होता, तो परत कानाशी आणावा लागला.